वीणा खाली ठेवायची नाही

"पुढे काही बदलतं का?"

पडद्यावर तेच गाणं पुन्हा सुरू होत होतं आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाने खाली वाकून, हलक्या आवाजात मला हे विचारलं. सोबत त्याची मैत्रीण होती, हातात भिजलेली छत्री. दोघं आत आले तेव्हा गाणं अर्ध्यावर होतं. ते संपलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच ड्रम, तोच खर्जातला आवाज. त्या काळोख्या खोलीत मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. बराच वेळ ठाण मांडून बसलेय हे बघणाऱ्याला कळत असावं, म्हणूनच त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "नाही, शेवटपर्यंत हेच आहे." तो "थँक यू" म्हणाला. आणखी एक कडवं ऐकून दोघं निघून गेले. मी दिलेलं उत्तर खरं होतं. तरी परतताना ट्रेनमध्ये, मग रात्री भांडी घासताना, ते मला टोचत राहिलं. बदलत नाही असं मी कशाच्या जोरावर सांगितलं? गाण्याबद्दल सांगितलं, की गाणाऱ्यांबद्दल, की मी स्वतः आत आले तेव्हा जी होते तिच्याबद्दल?

२०१४ची पानगळ होती. ब्रुकलिनच्या बुशविक भागात, जुन्या गोदामांच्या वस्तीत, लुहरिंग ऑगस्टीन नावाच्या गॅलरीत 'अ लॉट ऑफ सॉरो' ही चित्रफीत दाखवत होते. लांबी सहा तासांहून थोडी जास्त. त्याआधीच्या वर्षी, ५ मे २०१३ला, क्वीन्समधल्या मोमा पीएस१ या समकालीन कलेच्या म्युझियममध्ये 'द नॅशनल' हा बँड दुपारी मंचावर चढला आणि संध्याकाळपर्यंत एकच गाणं वाजवत राहिला. त्यांचंच, २०१०च्या अल्बममधलं 'सॉरो'. साधारण साडेतीन मिनिटांचं गाणं, सहा तासांत १०५ वेळा. ही कल्पना आइसलँडच्या रग्नार क्यार्तान्सन या कलावंताची. बँडचा नवा अल्बम अवघ्या दोन आठवड्यांवर आला होता, पण त्यातलं एकही गाणं त्या दिवशी वाजलं नाही. लहानपणीच दुःखाने गाठलेल्या आणि आता त्याच्यापासून सुटायची फारशी इच्छा न उरलेल्या माणसाचं ते गाणं आहे. मुळातच ते गोल फिरतं. एकदा ऐकलं तरी वाटतं, हे आधीपासून कुठेतरी चालूच होतं, आपण फक्त दार उघडलं.

त्या मे महिन्यात मी तिथे नव्हते. पण ती जागा माझ्या चांगली ओळखीची आहे, त्यामुळे चित्रफीत बघताना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचंही मला दिसत होतं. पीएस१ म्हणजे पब्लिक स्कूल क्रमांक एक. एकोणिसाव्या शतकातली लाल विटांची शाळा. अ‍ॅलाना हाइस यांनी १९७६मध्ये ती रिकामी पडकी इमारत कलावंतांसाठी उघडली, तेव्हापासून तिथे वर्ग भरतात ते चित्रांचे आणि आवाजांचे. अजूनही आत गेलं की शाळाच वाटते: रुंद जिने, मुलांच्या हातांनी गुळगुळीत झालेले कठडे, उंच खिडक्या. वरच्या मजल्यावर एका खोलीचं छत जेम्स टरेल या कलावंताने चौकोनी कापून काढलंय. भिंतीलगतच्या बाकांवर बसायचं आणि संध्याकाळचं आकाश गडद होताना बघायचं, एवढंच तिथे करायचं असतं. बाहेर काँक्रीटच्या उंच भिंतींनी वेढलेलं, खडी टाकलेलं अंगण आहे. १९९८पासून कितीतरी वर्षं उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे 'वॉर्म अप' व्हायचं. दुपारपासून रात्रीपर्यंत बँड आणि डीजे, घामेजलेली गर्दी, बुटात शिरलेली खडी, आणि मधूनच कोर्ट स्क्वेअरच्या वळणावर ७ नंबरच्या ट्रेनचा खडखडाट. हीच ट्रेन पुढे जॅक्सन हाइट्सला जाते, जिथून मी मेथीच्या जुड्या आणते. २०१४च्या उन्हाळ्यात त्या अंगणात मक्याची ताटं आणि बुरशी यांपासून बनवलेल्या सुमारे दहा हजार विटांचे मनोरे उभे केले होते. आत शिरलं की वरून वाऱ्याची झुळूक उतरायची आणि ओल्या पेंढ्याचा वास यायचा. न्यूयॉर्कच्या मधोमध गोठ्याचा वास! त्या वासात उभं राहून, ज्यांची नावं मला धड उच्चारता येत नव्हती अशा पोरांचं गाणं मी ऐकलंय, आणि ते मला मनापासून आवडलंय. समोरच्या बाजूला ५पॉइंट्झ होतं, ग्राफिटीने नखशिखान्त भरलेला कारखाना. नोव्हेंबर २०१३मध्ये एका रात्रीत त्याच्यावर पांढरा रंग फासला गेला. 'सॉरो' वाजत होतं तेव्हा त्या भिंती अजून रंगीत होत्या. चित्रफितीत त्या दिसत नाहीत, पण मला आठवत राहिल्या.

क्यार्तान्सनचे आईवडील दोघंही नाटकातले. लहानपणी तो तालमी बघत बसायचा. एकच प्रवेश पुन्हा, पुन्हा, पुन्हा. प्रयोगापेक्षा त्याला ते जास्त आवडायचं असं तो सांगतो. ज्याच्या घरी गाण्याची शिकवणी चालते त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मैफिलीत कानावर पडतं ते कितीतरी थोडं. खरं गाणं घराच्या आतल्या खोलीत होत असतं, एका तानेच्या तीन सुरांवर अडकलेल्या सकाळमध्ये. क्यार्तान्सनने तोच अडकलेपणा उचलून लोकांसमोर ठेवला. २०११मध्ये न्यूयॉर्कमध्येच त्याने मोझार्टच्या 'फिगारो' या ऑपेराचा शेवटचा तुकडा, जिथे उमराव गुडघे टेकून बायकोची क्षमा मागतो आणि ती देते, बारा तास गाऊन घेतला. पूर्ण पोशाखात, पूर्ण वाद्यवृंदासह. बारा तास क्षमा, सहा तास दुःख. या माणसाला भावना साठवायच्या नाहीत, त्या झिजवून बघायच्या आहेत असं मला वाटतं. झिजल्यावर खाली काय लागतं ते.

बसल्या बसल्या माझं काय झालं ते सांगते. पहिल्या काही फेऱ्या गाणं म्हणून ऐकल्या. शब्द, सुरावट, मधे गिटार कुठे चढते, ते. मग कंटाळा आला. खरा, जड कंटाळा, डोळ्यांत उतरणारा. घरचं किराणा सामान, ऑफिसातला अर्धवट ईमेल, आईचा राहिलेला फोन, सगळं येऊन गेलं. मग कधीतरी, आणि हा क्षण मला नेमका पकडता आला नाही, गाणं ऐकू येईनासं झालं आणि माणसं दिसायला लागली. ड्रम वाजवणाऱ्याचं मनगट. त्या गाण्यात ड्रमचा ठेका पहिल्यापासून अंगावर चालून येणारा आहे, त्याला उसंत नाही. गायकाला दोन ओळींमध्ये श्वास तरी मिळतो, ड्रमवाल्याला तोही नाही. गायक मॅट बर्निंगर माइक दोन्ही हातांनी धरतो, डोळे मिटतो, ओळ संपली की मान खाली घालतो. तीच ओळ, तीच मान. पण दर वेळी ती जराशी उशिरा वर यायला लागते. गिटारवर जुळे भाऊ आहेत, ॲरन आणि ब्राइस डेसनर. ड्रम आणि बेसवर दुसरे दोन सख्खे भाऊ, ब्रायन आणि स्कॉट डेव्हनडॉर्फ. चौघं मूळचे सिनसिनाटीचे, आयुष्यभर एकमेकांचा हात ओळखणारे. एक जण किंचित मागे रेंगाळला की दुसरा न बघता थांबतो. एरवीच्या कार्यक्रमात हे दिसत नाही, कारण तिथे आपण पुढच्या गाण्याची वाट बघत असतो. इथे पुढचं गाणंच नव्हतं. वाट बघणं संपल्यावर हात दिसले.

आणि हात दिसले तेव्हा मला आजोबा आठवले.

आमच्या गावी, पारनेर तालुक्यात, चैत्रात सप्ताह बसतो. अखंड हरिनाम सप्ताह. काकडा, ज्ञानेश्वरीचं पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर. हे सगळं आळीपाळीने चालतं, पण त्या सगळ्याच्या खाली एक गोष्ट सात दिवस न थांबता चालू असते, ती म्हणजे वीणा. देवळात विठोबासमोर एक माणूस गळ्यात वीणा अडकवून उभा असतो आणि नामस्मरण करत असतो. जय जय राम कृष्ण हरि. समोर हजार माणसं असोत की एकही नसो. वीणा जमिनीला टेकवायची नाही. त्यासाठी पहारे लावतात. देवळाच्या भिंतीवर तक्ता असतो, दोन-दोन तासांचे, कोणाचा कधी. आजोबांचा पहारा मध्यरात्री दोन ते चार, कायमचा. तरण्या पोरांना झोप आवरत नाही म्हणून तो त्यांनी मागून घेतलेला. मी सुट्टीला गेले की हट्टाने त्यांच्याबरोबर जायची. मांडवात सतरंजीवर टाळकरी तोंडावर उपरणं घेऊन झोपलेले, ट्यूबलाइटभोवती किडे, थर्मासमधला अतिगोड चहा, गारठलेली फरशी. आधीच्या पहारेकऱ्याचा आवाज तोवर घोगरा झालेला असायचा. आजोबा समोर जायचे. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, पायांना हात लावायचे, वयाचा काही संबंध नाही. मग तो माणूस नाम न थांबवता गळ्यातला पट्टा वर काढायचा, आजोबा मान पुढे करायचे. एक क्षण असा यायचा की वीणेचा भोपळा दोघांच्याही हातांत असायचा आणि दोघंही एकच नाम म्हणत असायचे. मग एक आवाज गळायचा. आजोबांचं बोट तारेवर फिरायला लागायचं आणि मोकळा झालेला माणूस तिथेच मट्‌कन खाली बसायचा.

मी खांबाला टेकून ऐकत राहायची. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागायची, पण मधूनच जाग आली की आजोबा तिथेच, तसेच. आवाज मात्र वेगळा. सुरुवातीला ते देवाला हाक मारत असल्यासारखे म्हणायचे, नंतर कोणाशी तरी साधं बोलत असल्यासारखे, आणि पहाटेकडे ते म्हणत आहेत असंही वाटायचं नाही. नुसतं चाललेलं असायचं. मी एकदा विचारलं होतं, "आजोबा, तुम्हाला कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "येतो की. तो पण उभा राहतो माझ्यासंगं."

हे सगळं त्या बुशविकच्या खोलीत एकदम वर आलं. आणि लगेच दोन्हींतला फरकही. आजोबांना माहीत असायचं की चार वाजता कोणीतरी येणार आहे. द नॅशनलला कोणी येणार नव्हतं. पाच माणसं, सहा तास, बदली नाही. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासातही याआधी असला प्रकार झालाय, पण तिथे पाळ्या होत्या. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने 'व्हेक्सेशन्स' नावाचा पियानोचा एक छोटा तुकडा लिहिला, तो ८४० वेळा वाजवण्याबद्दलची एक ओळ त्यावर टिपून ठेवली. सप्टेंबर १९६३मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजने न्यूयॉर्कच्या पॉकेट थिएटरमध्ये तो खरोखर तितक्यांदा वाजवून घेतला. अठरा तासांहून जास्त वेळ लागला, आणि त्यासाठी पियानोवादकांची अख्खी तुकडी होती. एक उठायचा, दुसरा बाकावर सरकायचा. त्यातला एक जॉन केल, जो पुढे 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' या रॉक बँडमध्ये गेला, म्हणजे द नॅशनलसारख्या आजच्या बँडवाल्यांचा थेट पूर्वजच. तिकीट पाच डॉलर, आणि जितका वेळ बसाल त्यातल्या दर वीस मिनिटांना पाच सेंट परत. ऐकणाऱ्याच्या बसण्यालाही कष्ट म्हणून मोजलं होतं, हे मला फार आवडतं. पण क्यार्तान्सनला पाळ्या नको होत्या. त्याला तीच माणसं थकताना हवी होती. मला हे आधी थोडं निर्दय वाटलं. दुःखाचं गाणं ज्याने लिहिलं त्याच्याकडूनच ते शंभरदा वदवून घ्यायचं, म्हणजे जखमेवरची खपली त्यालाच काढायला लावायची. मग पडद्यावर क्यार्तान्सन स्वतः दिसला. मंचावर येऊन तो वाजवणाऱ्यांना खायला-प्यायला देत होता, वाजवणं न थांबवता ते घेत होते. चेहऱ्यावर मालकी नव्हती. यजमानीणबाई पंगतीत वाढतात तसा तो फिरत होता. माझा राग तिथे निवळला; सगळा नाही, पण बराचसा.

तासांमागून तास गेल्यावर एका फेरीत बर्निंगरचा आवाज अडला. घोगरा झाला म्हणून नव्हे. गळाच दाटून आला. शब्द येईना. माइक तोंडाजवळ आहे, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. मागे ड्रम थांबला नाही, गिटार थांबली नाहीत. आणि समोरच्या गर्दीने ती ओळ उचलली. कोणी सांगितलं नव्हतं. तोवर प्रत्येकाला ते गाणं श्वासाइतकं पाठ झालेलं, त्यामुळे ते कोणाला म्हणायला सुरुवात करावी लागलीच नाही. कार्यक्रमात लोक गायकाबरोबर गातात ते मी कितीदा ऐकलंय. त्यात हौस असते, आपल्याला येतं हे दाखवणंही असतं. हे तसं नव्हतं. सूर खाली होता, थोडा बेसूरही. समोरच्या माणसाच्या गळ्यातून पट्टा काढून घ्यावा तसे लोक गात होते. काही ओळींनंतर त्याने गाणं परत घेतलं.

ते बघताना मी जमिनीवरून उठून उभी राहिले. खोलीत तेव्हा आणखी तिघं-चौघं होते, त्यातली एक बाई पुटपुटत होती. मी पुटपुटले नाही. मला तेव्हा रडू आलं ते त्या गायकासाठी किंवा आजोबांसाठी एवढंच नव्हतं. आयुष्यभर मी हे बाहेरून बघतेय, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. आमच्या सप्ताहात वीणा पुरुषांच्या गळ्यात. बायका हरिपाठाला, फुगडीला, आणि काल्याच्या दिवशी चुलवणावर आमटीच्या कढया ढवळायला. मी लहानपणी आजोबांना म्हटलं होतं, एकदा मला द्या ना. त्यांनी इकडेतिकडे बघून, पहारा चालू असतानाच, माझं बोट धरून एकदा तारेवर फिरवलं होतं. एवढंच. तो आवाज मी काढला की त्यांनी, हेही मला सांगता येणार नाही. आणि म्हणून त्या मुलाला मी जे म्हटलं, काही बदलत नाही, ते उत्तर खांबाला टेकून बसलेल्या माणसाचं होतं. वाजवणाऱ्याला विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं कोण जाणे.

म्युझियममध्ये बँड बोलावणं हल्ली सर्रास झालंय, आणि त्यातलं पुष्कळसं निव्वळ गर्दी जमवण्यासाठी असतं, हे मला दिसतं. पीएस१च्या अंगणात ज्या घुमटाखाली 'सॉरो' वाजलं, त्याला एका मोटार कंपनीचं नाव होतं. आमच्या सप्ताहाच्या मांडवालाही आता आमदारांच्या फ्लेक्सने वेढा घातलेला असतो. या दोन्ही गोष्टी मला खुपतात. पण पैसा कुणाचा का असेना, आतल्या माणसाने उभं राहायचं की नाही हा प्रश्न शेवटी त्याचा त्यालाच सोडवावा लागतो. आणि म्युझियमने या बँडला जे दिलं ते कुठल्याही स्टेडियमला देता आलं नसतं. चित्रापुढे आपण किती वेळ उभं राहायचं हे चित्र ठरवत नाही. मनात येईल तेव्हा यावं, जावं, परत यावं. गाण्याला ही मोकळीक नसते. ते संपतं आणि टाळ्या पडतात. पीएस१मध्ये एका गाण्याला चित्राइतकं थांबू दिलं. त्याची किंमत पाच जणांच्या घशाने आणि बोटांनी मोजली. २०१५मध्ये त्या सहा तासांच्या नऊ तबकड्या निघाल्या, फक्त १,५०० संच, आणि त्यातून झालेला नफा 'पार्टनर्स इन हेल्थ' या संस्थेच्या आरोग्यकामाला दिला गेला. मी संच घेतला नाही. घरी बसून, मधेच कुकर लावून ते ऐकणं मला नको होतं.

मागे एकदा फोनवर काकांना हे सगळं सांगितलं. आजोबांचा दोन ते चारचा पहारा आता काकांकडे आहे. इंग्रजी गाणं, म्युझियम, यात त्यांना रस नसेल असं वाटलं होतं, पण ते शांतपणे ऐकत राहिले. पहिला प्रश्न, "त्यांना मधे खायला-प्यायला कोण देत होतं?" मी सांगितलं. "बरं. आणि पहारा कोण बदलत होतं?" कोणी नाही म्हटल्यावर ते जरा चिडलेच. "असं करू नये. माणूस पडतो." मग मी गर्दीने ओळ उचलल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "हां. मग उभी होती म्हणायची माणसं." त्याच फोनमध्ये त्यांनी सांगितलं की शेजारच्या दोन गावांत आता बायका वीणा घेतात, दिवसाच्या पहाऱ्याला. आपल्याकडे अजून नाही. आपल्याकडे का नाही, असं मी विचारलं. काका म्हणाले, कोणी मागितलाच नाही.

मी मागितला. दिवसाचा नको, दोन ते चारचा, निदान एक रात्र. काकांनी थोडा वेळ घेतला, मग म्हणाले, मंडळाच्या बैठकीत विषय काढतो, दोघे-तिघे नाराज होतील, होऊ देत. बैठक पुढच्या एकादशीला आहे. माझं चैत्रातलं तिकीट काढून झालंय.